किल्ला द्यावा, पण नांदू देऊ नये

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाचे आपण डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारे आणि खेळ चालवणारे, असाल आणि खेळाडूंनी स्वतःच्या किल्ल्याचा हट्ट धरला असेल, तर नाही म्हणू नये. त्यांच्या गाठीचे सोने संपवण्याचा याहून सभ्य मार्ग नाही.

2014च्या डंजन मास्टर्स गाईड या डीएमसाठीच्या नियमपुस्तकाप्रमाणे छोट्या किल्ल्याला 50,000 सुवर्णमुद्रा आणि 400 दिवस लागतात. मालक बांधकामावर हजर नसेल, तर गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसामागे मुदत तीन दिवसांनी वाढते. हा नियम तोंडपाठ ठेवावा आणि पाया खणून होताच शेजारच्या गावातले एखादे मूल भुयारात हरवून टाकावे, म्हणजे मालकाला शोधाला जावेच लागते.

रोजच्या देखभालीच्या 100 मुद्रा मात्र कधीही विसरू नयेत.

खेळाडूने नकाशा आणला तर कौतुक करावे, उघडून पाहू नये.

मुख्य युक्ती अशी की, खेळाडू मोहिमेवर गेले की किल्ल्यावर ड्रॅगन सोडावा. दीड वर्ष सोने साठवून आम्ही खिंडीच्या तोंडाशी किल्ला उभारला. मी चौकटीच्या कागदावर आराखडा काढला, वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून विहीर तटाच्या आत घेतली, बारा तिरंदाजांना नावे दिली आणि ड्रॅगनचाच विचार करून कोठाराला दगडी छत घातले, ज्याचे पैसे वेगळे मोजून घेतले गेले. गेल्या रविवारी आमच्या डीएमने चहाचा कपही खाली न ठेवता सांगितले, की तुम्ही परतता तेव्हा राख उरलेली असते. एक फासा पडला नाही, एक बाण सुटला नाही. दगडी छत कसे जळाले, असे विचारल्यावर ‘कथेची गरज होती’ हे उत्तर मिळाले. कोणाच्या कथेची?

याच खेळाच्या 1978च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकात नवव्या लेव्हलच्या (पायरीच्या) फायटरने, म्हणजे योद्धा असलेल्या पात्राने, गढी बांधून मुलूख निर्धोक केला, की त्याच्या पदरी शिपाई येत आणि दर रहिवाशामागे महिन्याला सात चांदीची नाणी मिळत. तिथे किल्ला ही कमाई होती. डीएमसाहेब, तुम्ही तिची शिक्षा केलीत.

वेढा घालायला कोणी नको म्हटले होते? आम्हाला तटावर उभे करायचे होते, फासे टाकू द्यायचे होते, हरलो असतो तर खुशाल जाळायचे होते. एवढे कष्ट घ्यायचे नव्हते, तर आधीच नाही म्हणायचे. त्या बारा जणांची नावे माझ्या कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे माझ्या पात्राची माहिती असलेल्या कागदाच्या, मागे लिहिलेली आहेत. जाळण्यापूर्वी निदान ती तरी वाचायची होतीत.