‘चोरलेल्या’ कथा आणि कअब अल-अहबार: फिरत्या मजकुराला उत्तर

मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर अधूनमधून डोके वर काढतो. त्याचा गोषवारा असा: इस्लाममधल्या पैगंबरांच्या कथा ज्यूंच्या ग्रंथांतून चोरलेल्या आहेत; कअब अल-अहबार नावाच्या येमेनी ज्यूने मुसलमान झाल्याचे सोंग घेऊन त्या आत घुसडल्या; मुसलमान विद्वानांनी त्या शेकडो वर्षे डोळे मिटून खऱ्या मानल्या; आणि 1833 साली एका जर्मन पंडिताने हे बिंग फोडले. प्रत्येक विधानात सत्याचा थोडा अंश आहे, म्हणून वाचणाऱ्याला सगळेच पटते. या कथा आणि त्यांच्यावर झालेली चर्चा मला फार मोलाची वाटते. म्हणून प्रत्येक विधान नीट तपासायला हवे.

पहिले विधान चोरीचे. साम्य आहे, भरपूर आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. कुराणाच्या पाचव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, 32वी आयत, म्हणजे वचन, आहे: एका माणसाचा नाहक जीव घेणे म्हणजे साऱ्या मानवजातीचा जीव घेणे. हे वचन इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, सान्हेद्रिन या प्रकरणात, जवळजवळ याच शब्दांत सापडते. मजकूर लिहिणारे इथेच थांबतात. पण आयतीची सुरुवात काय आहे? ‘आम्ही इस्राएलच्या संततीसाठी हे लिहून ठेवले.’ म्हणजे वचन कोणाला दिले होते हे कुराण तिथल्या तिथे सांगते. चोरी म्हटली की लपवाछपवी आली. इथे मूळ धन्याचे नाव पहिल्याच वाक्यात आहे. दहाव्या सूरेतली 94वी आयत तर शंका असेल तर आधीचा ग्रंथ वाचणाऱ्यांना विचारा असे सांगते.

शिवाय ही शंका काही आधुनिक नाही. मक्केतले विरोधक हेच म्हणत होते, आणि त्यांचे म्हणणे कुराणातच नोंदलेले आहे: पंचविसाव्या सूरेत ‘या पूर्वजांच्या कहाण्या आहेत, त्याने लिहवून घेतल्या’ असा आरोप आहे, तर सोळाव्या सूरेत ‘त्याला कोणीतरी माणूस शिकवतो’ असा. त्यावर कुराणाचे उत्तर पटो वा न पटो, आरोप दडवलेला नाही.

त्या काळचा अरबस्तान कसा होता हेही पाहायला हवे. मदिनेत कैनुका, नदीर आणि कुरैझा हे ज्यू कबिले राहत होते. येमेनमध्ये हिम्यरच्या राजांनी चौथ्या शतकापासून ज्यू धर्माकडे कल दाखवला होता आणि तिथला राजा झू नुवास सहाव्या शतकात उघडपणे ज्यू होता. उत्तरेकडे सिरियाक बोलणारे ख्रिस्ती होते. नोहा, अब्राहम, योसेफ, मोझेस यांच्या कथा बाजारात, प्रवासात, मेजवानीत सांगितल्या जात. श्रोत्यांना त्या ठाऊक होत्या, म्हणून तर कुराण त्या अनेकदा अर्ध्यातून सुरू करते आणि एका ओळीत आटोपते. आणि सगळे साम्य ज्यू ग्रंथांशीच आहे असेही नाही. अठराव्या सूरेतले गुहेत झोपलेले तरुण ख्रिस्ती परंपरेतून ओळखीचे आहेत; सरूगचा याकोब, जो 521 साली वारला, त्याने सिरियाकमध्ये त्यांच्यावर काव्य रचले होते.

आता कअब. इथे साधा कालक्रमच मजकुराच्या आड येतो. पैगंबर मुहम्मद 632 साली वारले. कअब त्यांना कधी भेटला नाही. तो हिम्यरी ज्यू होता, सर्वमान्य वृत्तान्तानुसार दुसरे खलिफा उमर यांच्या खिलाफतीत, 638च्या आसपास मुसलमान झाला, आणि पुढे सीरियातल्या हिम्स इथे वारला. तो मदिनेत आला तेव्हा कुराणातल्या कथा लोकांना पाठ होत्या, नमाजात म्हटल्या जात होत्या. त्याने त्या कुराणात घुसडल्या हे म्हणणे तारखांनाच धरून नाही. त्याचा खरा प्रभाव पडला तो तफसीरवर, म्हणजे कुराणाच्या भाष्यांवर, आणि पैगंबरांच्या कथासंग्रहांवर. तो प्रभाव मोठा होता, हे कोणीही अभ्यासक नाकारणार नाही.

पण तो प्रभाव चोरवाटेने आला का? कथेबरोबर सांगणाऱ्याचे नावही नोंदले जाई: ‘कअब म्हणाला’. त्याच्याबद्दलचे मतही नोंदले गेले. बुखारीच्या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि कृतींची नोंद) पुढे खलिफा झालेले मुआविया म्हणतात की ग्रंथवाल्यांकडून, म्हणजे ज्यू-ख्रिस्तींकडून, सांगणाऱ्यांत कअब सर्वांत खरा होता, तरी आम्ही त्याचे खोटेही पारखले. उमर जेरूसलेमला गेले तेव्हा कअब त्यांच्यासोबत होता असे इतिहासकार आणि भाष्यकार तबरी सांगतो. नमाज कुठे पढावी यावर कअबने ज्यूंना पवित्र असलेल्या खडकाच्या मागची जागा सुचवली, म्हणजे खडक आणि मक्का दोन्ही समोर येतील. उमर यांनी ते ओळखले, ‘तू ज्यूंची रीत धरलीस’ म्हणून त्याला सुनावले आणि खडक पाठीशी टाकून पुढे उभे राहिले. ज्याला खलिफा चारचौघांत टोकतो आणि ते टोकणे इतिहासात उतरते, त्याने गुपचूप धर्म पोखरला हे मानायला आधार लागतो. तो मजकुरात कुठेही नाही.

कअबच्या सावत्र मुलाचीही गोष्ट आहे. नौफ अल-बिकाली हा कूफ्यात कथा सांगत असे. खिज्र या गूढ ज्ञानी पुरुषाला भेटलेला कुराणातला मूसा म्हणजे इस्राएलींचा मोझेस नव्हे, कोणी दुसराच, असे तो म्हणे. हे पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या कानावर आले तेव्हा ते म्हणाले, ‘अल्लाहचा शत्रू खोटे बोलला.’ हेही बुखारीतच आहे.

मजकुरात कअबच्या जोडीला वह्ब इब्न मुनब्बिहला ‘दुसरा घुसखोर ज्यू’ म्हटले आहे. वह्ब येमेनमध्ये स्थायिक झालेल्या इराणी वंशाच्या घराण्यातला होता आणि मुसलमान घरात वाढला. त्याने ज्यू-ख्रिस्ती कथा प्रचंड प्रमाणात गोळा केल्या हे खरे. त्याच्या नावावरच्या दाऊदकथेचा हिजरी 229 सालचा पपायरस आज हायडेलबर्गला आहे.

याच कट-कल्पनेचा अरबी अवतारही आहे, आणि तो तितकाच चुकीचा आहे. 1946 साली इजिप्तचे महमूद अबू रय्या यांनी कअबला ‘पहिला झायोनिस्ट’ म्हणणारा लेख लिहिला. पॅलेस्टाइनच्या वादाचा राग सातव्या शतकातल्या माणसावर काढला गेला. एका बाजूला हा कट इस्लामविरुद्ध वापरला जातो, दुसऱ्या बाजूला ज्यूंविरुद्ध. दोन्हीकडे पुरावा एकच: कअब ज्यू होता.

तिसरे विधान, विद्वानांनी डोळे मिटून मान्य केले, हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात शेकडो वर्षांची मेहनत पुसली जाते.

ऊज इब्न अनकची कथा घ्या. हा महाकाय राक्षस म्हणजे बायबलमधला बाशानचा राजा ओग. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या बेराखोत प्रकरणात ओग इस्राएलींच्या छावणीवर फेकायला डोंगर उपटून डोक्यावर घेतो; मुंग्या त्याला भोक पाडतात आणि डोंगर त्याच्या गळ्यात अडकतो. मग दहा हात उंच मोझेस दहा हाताची कुऱ्हाड घेऊन दहा हात उंच उडी मारतो आणि त्याच्या घोट्यावर घाव घालतो. अरबी कथेत मुंग्यांच्या जागी हुदहुद पक्षी आला आणि कुऱ्हाडीच्या जागी काठी. दहा-दहा-दहाचा हिशेब तसाच राहिला. ओग महापुरातून वाचला ही कल्पनाही तालमूदमध्ये आहे आणि तीही अरबीत उतरली. ऊजची उंची सांगितली गेली 3,333 हात आणि वर एक तृतीयांश. हे रब्बींकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडून, आले यात शंका घ्यायला जागाच नाही.

मग दमास्कसच्या इब्न कसीरने, जो 1373 साली वारला, आपल्या तफसीरमध्ये याचे काय केले? ही गोष्ट सांगायचीही लाज वाटावी अशी आहे, असे त्याने लिहिले. त्याचा युक्तिवाद तिथल्या तिथे वाचण्यासारखा आहे. हदीसप्रमाणे आदम साठ हात उंच होता आणि तेव्हापासून माणूस खुजा होत आला, तर तीन हजार हातांचा माणूस कुठून आला? नूहने, म्हणजे नोहाने, ‘पृथ्वीवर एकही काफिर ठेवू नकोस’ अशी प्रार्थना केली होती. खुद्द नूहचा मुलगा बुडाला, मग ऊज कसा वाचला? शेवटी तो म्हणतो, ऊज नावाचा कोणी होता का हाच प्रश्न आहे. हारूत-मारूत हे देवदूत आणि शुक्र तारा झालेली स्त्री ही लोकप्रिय कथाही त्याने रावींच्या, म्हणजे कथा पुढे सांगणाऱ्यांच्या, साखळीतून मागे मागे नेली आणि ती कअबपाशी जाऊन थांबते हे दाखवले. काय कुठून आले हे शोधायची रीत चौदाव्या शतकात इतकी पक्की होती.

त्याच्या गुरूने, इब्न तैमियाने, सरळ तीन भाग पाडले होते. जे कुराण-हदीसशी जुळते ते खरे. जे विरोधात जाते ते खोटे. ज्यावर आपल्याकडे काहीच नाही ते ना खरे मानायचे ना खोटे, सांगायला मात्र हरकत नाही. या तिसऱ्या भागाची उदाहरणे त्याने दिली आहेत: गुहेतल्या तरुणांची नावे, त्यांच्या कुत्र्याचा रंग, मूसाची काठी कोणत्या झाडाची. यातून धर्माचा काही लाभ नाही, असे त्याने स्पष्ट म्हटले. या भूमिकेला आधार जुना होता. ‘बनी इस्राईलकडून सांगा, हरकत नाही’ आणि ‘ग्रंथवाल्यांना खरेही म्हणू नका, खोटेही म्हणू नका’ या दोन्ही हदीसा बुखारीत आहेत. इतिहासकार इब्न खलदूनने तर कारणही सांगितले: अरबांकडे ग्रंथ नव्हता, सृष्टी कशी झाली याचे कुतूहल होते, म्हणून त्यांनी ज्यू शेजाऱ्यांना विचारले, आणि ते शेजारी, बहुतेक हिम्यरी, स्वतःही वाळवंटातलेच होते.

सगळे विद्वान सारख्याच काटेकोरपणे वागले असे मी म्हणत नाही. सालबीच्या अकराव्या शतकातल्या कथासंग्रहात अशा कथांची रेलचेल आहे, आणि मशिदीतले कथेकरी श्रोते जमवायला काय काय सांगत यावर इब्न अल-जौझीला बाराव्या शतकात आख्खा ग्रंथ लिहावा लागला. पण मतभेद उघड होते. अब्राहमने बळी द्यायला निवडलेला मुलगा इसहाक की इस्माईल? कुराणात नाव नाही. तबरीने इसहाक मानले, इब्न कसीरने इस्माईल, आणि इसहाकचे मत कअबकडून पसरले असे म्हटले. उलट इस्माईलच्या बाजूने जोरात बोलणाऱ्यांत मुहम्मद इब्न कअब अल-कुरझी आहे, जो स्वतः कुरैझा या ज्यू कबिल्याच्या वंशातला. ज्यू वंश म्हणजे ज्यू मत, हे गणित इथेच कोसळते.

राहिले 1833. आब्राहाम गायगर हा तेव्हा तेवीस वर्षांचा तरुण रब्बी होता. बॉन विद्यापीठाच्या निबंधस्पर्धेतून त्याचे पुस्तक आले. साम्यांची ती मोठी आणि गंभीर नोंद आहे. मजकूर एक गोष्ट गाळतो: गायगरने मुहम्मदांना लबाड ठरवले नाही, आपल्या कार्यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती असेच मत दिले. 1898 साली याचे इंग्रजी भाषांतर मद्रासमध्ये मिशनरी मंडळींसाठी छापले गेले, आणि आपल्याकडच्या वादांत ते पुस्तक त्या वळणानेच शिरले.

गायगरला त्याच्या काळात एका गोष्टीचा पुरेसा अंदाज नव्हता: काही ज्यू ग्रंथ इस्लामनंतरचे आहेत. काईनला दफन शिकवणारा कावळा कुराणात पाचव्या सूरेत आहे, आणि त्याचे ‘मूळ’ म्हणून ‘पिर्के द-रब्बी एलिएझर’ हा हिब्रू कथाग्रंथ दाखवतात. त्याच ग्रंथाच्या तिसाव्या प्रकरणात अब्राहम मुलाला, इस्माईलला, भेटायला वाळवंटात जातो, मुलगा घरी नसतो, सून पाणी-भाकरी देत नाही, तेव्हा तो निरोप ठेवतो की घराचा उंबरठा बदल. बुखारीत इब्न अब्बास हीच गोष्ट सांगतात. तिथेही निरोप उंबरठा बदलण्याचाच आहे. आणि त्या हिब्रू ग्रंथात इस्माईलच्या दोन बायकांची नावे आयेशा आणि फातिमा अशी आहेत. पैगंबरांच्या पत्नीचे आणि मुलीचे नाव ज्या पुस्तकात उतरले, ते पुस्तक कुराणाच्या आधीचे म्हणून पुढे करता येत नाही.