पुळणीवर जाणारी वाट नकाशावर हवी

गेल्या मे महिन्यात अलिबाग तालुक्यातल्या आजोळी गेले. माडांच्या वाडीमागून सुरूच्या बनातून थेट पुळणीवर उतरणारी पायवाट आता एका उंच कंपाउंडच्या भिंतीशी संपते. मामा म्हणाला, "जागा विकली गेली गं. भिंत त्याच्या जागेत आहे, आता कोण बोलणार?" मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं वर येणाऱ्या बायकांना गावाला वळसा घालून यावं लागतं. इतक्या वर्षांची वहिवाट, पण तिची कुठे नोंद नाही.

मी कॅलिफोर्नियात, सॅन मटेओ काउंटीत राहते. हाफ मून बेच्या दक्षिणेला मार्टिन्स बीच आहे. दोन्ही बाजूंना कडे, त्यामुळे जमिनीवरून तिथे उतरायला एकच रस्ता. पुण्यात जन्मलेले उद्योजक विनोद खोसला यांच्या कंपन्यांनी २००८ मध्ये भोवतालची जमीन घेतली आणि पुढे त्या रस्त्याचं फाटक बंद झालं. सर्फरायडर फाउंडेशन ही संस्था कोर्टात गेली. २०१४ मध्ये आणि मग अपिलात २०१७ मध्ये कोर्टानं जे म्हटलं, ते मला फार मोलाचं वाटतं. वापरातलं फाटक बंद केलं की समुद्रापर्यंत जाण्याची लोकांची सोय बदलते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या किनारा कायद्यानुसार (कोस्टल ॲक्ट) तो 'विकास' ठरतो आणि त्याला परवाना लागतो. जमीन तुमची असली तरी विचारल्याशिवाय वाट बंद करता येत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हे प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

वाट राखण्याची ही ताकद १९७२ च्या सार्वमतातून आणि त्यानंतरच्या १९७६ च्या कोस्टल ॲक्टमधून आली. त्या कायद्यानं किनाऱ्यावरच्या १५ काउंट्या आणि ६१ शहरांना स्वतःचा किनारा आराखडा करायला सांगितलं. वाट कुठून जाईल, गाड्या कुठे लागतील, हे त्या आराखड्यात ठरतं, आणि परवाना मागणाऱ्याला त्याच चौकटीत उत्तर मिळतं. सुनावणीला कुणीही उठून बोलू शकतं. मीही एकदा बोलले आहे, थरथरत्या आवाजात.

तिथेही सगळं सुरळीत नाही. मालिबूच्या कार्बन बीचवर १९८३ मध्ये कबूल झालेली एक वाट उघडायला २००५ उजाडलं. किनाऱ्याजवळ घर घेणं तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच गेलं आहे.

घरच्या ग्रुपवर हे लिहिलं की मामेभाऊ चिडतो. "तुम्ही तिकडे बसून सांगता. इथे पर्यटनावर चार घरांच्या चुली पेटतात." त्याचं खरं आहे. पण त्याच्या घरी उतरणारा पाहुणा समुद्रासाठीच येतो, आणि वाट बंद झाली तर तो भिंतीपलीकडच्या रिसॉर्टमध्ये जाईल. शिवाय वाट फक्त पाहुण्यांची नाही. होडी ओढणाऱ्याची, जाळी वाळवणाऱ्याची ती आधी आहे.

कायदा आपल्याकडे नाही असंही नाही. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांत १९९१ पासून लिहिलेलं आहे की दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना पुळणीवर जायला किमान २० मीटर रुंद जागा सोडायची. गोव्यातल्या वायंगिणी किनाऱ्याच्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं किनारा ही लोकांची ठेव आहे, हे तत्त्व उचलून धरलं आणि हॉटेलविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी राज्य सरकारनं भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून हॉटेलचं वाटेत आलेलं बांधकाम वाचवलं, आणि २०१६ मध्ये ती दुरुस्तीही वैध ठरली. हे वाचून मला खूप वाईट वाटलं. खटला जिंकूनही वाट हातची जाऊ शकते, म्हणून ती खटल्याच्या आधीच, भिंतीच्या आधीच, कागदावर यायला हवी.

शेताकडे जाणारी पाणंद आपल्या गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेली असते. शेतरस्ता कुणी अडवला तर शेतकरी तहसीलदाराकडे दाद मागू शकतो. मग दर्याकडे जाणाऱ्या वाटेला ती रेषा का नसावी? किनारा व्यवस्थापन आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या सगळ्या वाटांची यादी द्यावी. कुठून सुरू होते, कुठे उतरते, किती रुंद आहे, कोण वापरतं, जुन्या माणसांचे जबाब, सगळं. आणि वाट अडवायच्या आधी ग्रामसभेला विचारणं बंधनकारक करावं.

मामाला मी एक वही पाठवली आहे. त्यानं आतापर्यंत चार वाटा लिहिल्या आहेत. पाचवीसाठी तो कोळीवाड्यातल्या एका आजीकडे जाणार आहे, कारण ती वाट आता फक्त तिलाच आठवते. १ मेच्या ग्रामसभेत ही यादी वाचायची, असं आमचं ठरलं आहे.