काड्याची शुगर

आमचा कट्टा रास्ता पेठेत, एका कायमच्या बंद दुकानाच्या पायरीवर. साडेसात वाजले की चौघं-पाचजण जमतोच. परवा लॅबवाला काड्याला सहज म्हणाला, "चाळिशी उलटली तुझी. आईला शुगर आहे. एकदा तपासून घे ना." लॅबवाला पंधरा वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे, म्हणून त्याचं नाव तेच पडलंय.

काड्यानं हातच झटकला. "मला कसली शुगर? एकसष्ट किलो वजन माझं. त्या बंड्याला धर आधी."

बंड्या पंचाण्णव किलोंचा, आणि त्याची शुगर दरवर्षी नॉर्मल येते. पण नानाला मुद्दा मिळाला. "बरोबर बोलतोय तो. शुगर हा खाऊन-पिऊन सुखी माणसाचा रोग. आमचे आजोबा पाप्याचं पितर होते, रोज गूळपोळी खायचे, नव्वदी गाठली त्यांनी."

"आजोबा दिवसाला किती चालायचे ते सांग," लॅबवाला म्हणाला. "आणि त्यांची शुगर कधी कुणी तपासली होती का, तेही सांग."

नाना गप्प बसणारा नव्हे. मग मास्तर बोलले. ते निवृत्त संस्कृत शिक्षक. "नाना, सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहासारख्या रोगाचे, दोन प्रकार दिलेत. एक सहज, म्हणजे जन्मापासूनचा, दुसरा अपथ्यानं झालेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. बारीक माणसाला हा रोग होतो, हे जुन्या वैद्यांनी पाहिलेलं होतं."

"जुनं राहू द्या," नाना म्हणाला. "आत्ताचं बोला."

आत्ताचं तर इथलंच आहे. आमच्या पायरीपासून केईएम हॉस्पिटल चालत पाच मिनिटांवर. तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या डॉक्टरमित्राचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापला होता. उंची-वजनाचा हिशेब, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनाचा काटा दोघांना सारखंच मोजत होता, आतला माल वेगळा होता. मी हे सांगितलं तेव्हा काड्या पहिल्यांदा नीट ऐकायला लागला.

"म्हणजे मी आतून जाडा?"

"असू शकतोस," लॅबवाला म्हणाला. "जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू. तुझ्या दंडात स्नायू कुठाय? आणि चरबी कातडीखाली असली तर तेवढी नडत नाही. ती यकृतात, आतड्यांभोवती साठली की इन्सुलिनला दाद मिळत नाही. बंड्याची बहुतेक कातडीखालची असेल." बंड्याला बरं वाटलं, पण लॅबवाल्यानं लगेच बजावलं, "तू सुटलास असं समजू नको. जाडीनं धोका वाढतोच. एवढंच की बारीक माणूस सुटलेला नसतो."

समोरच्या टेलरकडून टेप आणली. काड्याची पँट बत्तीसची, ती पोटाच्या खाली अडकवलेली. बेंबीवरून मोजलं तर साडेछत्तीस इंच. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीसच्या आत. बायकांसाठी ८०. हातपाय काड्या आणि पोट मडकं, असे लोक रस्त्यावर मोजायला लागलात तर थकाल.

नानाचा पुढचा प्रश्न मात्र खरा होता. "आपल्याच माणसांचं असं का?"

त्याचं निम्मं उत्तर जन्माच्या आधीचं आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. बाळं लहान, स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. पोटात असताना उपासमार सोसलेलं शरीर पुढे मोकळं खायला मिळालं की गडबडतं. मास्तर म्हणाले, आईच्या ताटाचा हिशेब मुलाच्या चाळिशीत लागतो. मधुमेहाची आणखी एक जात आहे, लहानपणीच्या कुपोषणातून येणारी. तिथं इन्सुलिनच कमी बनतं आणि माणूस खरोखर हडकुळा असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०२५ मध्ये तिला 'टाइप पाच' म्हणून मान्यता दिली. लहान मुलांचा टाइप एक तर निराळाच, त्याचा वजनाशी संबंध नाही.

इतका वेळ मी आकडे सांगत होतो. मग अण्णांचं सांगितलं. कट्ट्यावर ते कधी बोललो नव्हतो.

माझे वडील पोस्टमन. तीस वर्षं सायकल, अंगावर मांस नाही. साठीला आणखी वाळायला लागले, रात्री चार-चार वेळा उठायचे. आम्ही म्हणायचो वयानं वाळले. डॉक्टरांकडे दोनदा नेलं. त्यांनी टॉनिक लिहून दिलं, वर 'तब्येत काटक आहे' म्हणाले. चपलेनं पायाला फोड आला, तो दीड महिना भरला नाही, तेव्हा कुणीतरी शुगर बघितली. ४१० होती. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. वाळणं हेच लक्षण होतं. इन्सुलिन कमी पडलं की साखर लघवीवाटे जाते आणि अंग स्वतःचं मांस जाळतं. ते जाड असते तर पहिल्याच दिवशी तपासणी झाली असती, हे मला अजून टोचतं. नंतरही शेजारपाजारचे त्यांना 'भाकरी कमी करा, वजन उतरवा' सांगत राहिले. त्या माणसाला वजन उतरवायचं नव्हतं, वाढवायचं होतं. डाळ, अंडी, आणि पायांत ताकद येईल असा व्यायाम.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. टेलरनं टेप परत मागितली.

काड्या म्हणाला, "सोमवारी बघतो."

"सोमवार नाही, उद्या," मी म्हणालो. "सात वाजता दारात येतो. चहासुद्धा घ्यायचा नाही."

गेलो. उपाशीपोटी १३१ आली. १२६ ला मधुमेह धरतात. पण लक्षणं नसताना एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासतात, सोबत तीन महिन्यांची सरासरीही. काड्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि आईला आत्ता सांगू नका म्हणाला. शुक्रवारी परत जायचंय. नानाही येतोय, उपाशीपोटीच.