पूल पाडला ते ठीक, पण गाडी का नेली?

बॉस्टनच्या रॉक्सबरीतल्या डडली स्टेशनबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. 1901 साली सुरू झालेल्या उन्नत रेल्वेचं ते 1909 पर्यंत दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन होतं. रस्त्याच्या वर लोखंडी खांबांवर गाडी थांबायची आणि तिच्या दोन्ही अंगांना ट्राम उतारावरून थेट वर चढून यायच्या. ट्राममधून उतरलं, फलाटावर चार पावलं टाकली की समोर गाडी! जिना नाही, रस्ता ओलांडणं नाही. म्हाताऱ्या माणसाला किंवा कडेवर पोर असलेल्या बाईला याहून जास्त काय हवं असतं? तांब्याच्या पत्र्याने सजवलेल्या या स्टेशनचे वास्तुरचनाकार होते कवी लाँगफेलोंचे पुतणे, अलेक्झांडर वॉड्सवर्थ लाँगफेलो ज्युनिअर.

गाडीच्या त्या लोखंडी पुलाखाली अंधार असायचा, वर दिवसभर खडखडाट. तो पाडायला हवा होता, हे मलाही मान्य आहे. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

साठच्या दशकात शहरातून महामार्ग न्यायचा म्हणून डडलीच्या पश्चिमेच्या पट्ट्यातली घरं पाडली. लोक पेटून उठले आणि 1972 मध्ये गव्हर्नर सार्जंट यांनी तो महामार्ग रद्द केला. केवढा मोठा विजय! पण मग त्या मोकळ्या पट्ट्यातच ऑरेंज लाइन, म्हणजे डडलीची हीच गाडी, नेली. 30 एप्रिल 1987 ला डडलीवरून जाणारी वॉशिंग्टन स्ट्रीटवरची उन्नत गाडी बंद झाली, 4 मे रोजी नवा मार्ग सुरू झाला, डडलीपासून साधारण किलोमीटरभर लांब. बॉस्टनच्या हिवाळ्यात, साचलेल्या बर्फातून तेवढं चालून बघा.

रॉक्सबरी ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, कष्टकऱ्यांची वस्ती. गाडीच्या बदल्यात तितकीच चांगली किंवा त्याहून सरस सेवा देऊ, असा शब्द त्यांना दिला होता. 2002 मध्ये, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी, मिळाली काय? सिल्व्हर लाइन नावाची बस! आधी गाडी थेट शहराच्या पोटातल्या बोगद्यात शिरायची. ही बस रस्त्यावरच्या गर्दीत रखडते. याला तोंडाला पानं पुसणं म्हणतात, दुसरं काही नाही.

जुन्या स्टेशनचा सांगाडा हलवून त्याचं बस स्थानक केलं. 2020 मध्ये त्याला आफ्रिकेतल्या प्राचीन नुबियाची आठवण देणारं न्युबियन हे नाव मिळालं आणि ते योग्यच झालं. पण नावाबरोबर रूळही परत यायला हवे होते. ट्रेमाँट स्ट्रीटच्या जुन्या ट्राम बोगद्याची दक्षिणेकडची शाखा साठच्या दशकापासून रिकामी पडून आहे. तिथून वॉशिंग्टन स्ट्रीटवर न्युबियनपर्यंत ट्राम आणा, ही मागणी जुनीच आहे आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.