सात फुटांचे घर आणि प्रतापनगरचा शेरू

"एवढी माया आहे तर घरी घेऊन जा ना, काका!" हे वाक्य नागपुरात, प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत, बाबांना आठवड्यातून दोनदा तरी ऐकावे लागते. रात्री नऊच्या सुमारास ते फाटकाबाहेर तीन कुत्र्यांना दूधपोळी घालतात. त्यांपैकी शेरू नावाचा पिवळसर कुत्रा आमच्याच पायरीवर वाढला आहे. हे वाक्य ऐकवणारी माणसे निर्दयी नाहीत. उशिराच्या पाळीवरून दुचाकीने परतणाऱ्या समोरच्या घरातल्या मुलामागे याच टोळीतले एक कुत्रे लागले होते आणि तो पडून त्याचे मनगट मोडले होते. त्याच्या आईने ते वाक्य उच्चारले तर तिला काय उत्तर द्यावे, हे बाबांनाही सुचत नाही.

त्या वाक्याला मध्यंतरी न्यायालयाचेही बळ मिळाले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की सार्वजनिक जागी मोकाट कुत्र्यांना खाऊ घालू नये, आणि ज्यांना घालायचे असेल त्यांनी ते कुत्रे रीतसर दत्तक घ्यावे, महापालिकेत नोंद करावी आणि घरी न्यावे. महिन्याभरातच सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या या सक्तीला स्थगिती दिली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. काही दिवसांतच तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, असे ठरले. त्या पंधरवड्यात आमच्या नातेवाइकांच्या गटात इतकी जुंपली की मावसभावाने थेट इंग्लंडात राहणाऱ्या मलाच साक्षीला बोलावले. "तिकडे रस्त्यावर एक तरी कुत्रं दिसते का? सांग ना या लोकांना!"

मी उत्तर दिले नाही, कारण त्याच पंधरवड्यात आमच्या घरी नेमका हाच वाद चालू होता, फक्त आमचे घर पाण्यावर आहे.

आमची नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या अरुंद कालव्यांच्या मापाने बांधलेली पोलादी नाव, ५७ फूट लांब आणि बाहेरून ६ फूट १० इंच रुंद आहे. ग्रँड युनियन कालव्यावर आमचे हे चौथे वर्ष. बोट बांधण्याची कायमची जागा आम्ही घेतलेली नाही, आणि अशा बोटींना १९९५ च्या कायद्याने एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्यामुळे लेटन बझर्ड, ट्रिंग, बर्कहॅमस्टेड अशी गावे एकामागून एक आमच्या खिडकीबाहेर येतात आणि जातात. दोघेही आठवड्यातून तीन दिवस रेल्वेने कचेरीला जातो. नवऱ्याला पहिल्या हिवाळ्यापासून कुत्रा हवा आहे. काठच्या पायवाटेवर जो भेटतो त्याच्याबरोबर कुत्रा असतो आणि कुत्र्याशिवाय फिरणारे आम्हीच काय ते विचित्र, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. बाबांचे मत निराळे पडले. "पाण्यात त्याले कायले नेता?" एवढे विचारून, आपण हेच लग्नाआधी माझ्याबद्दल बोललो होतो याची आठवण त्यांनी जावयाला करून दिली.

मांजराचा प्रश्न लवकर निकालात निघाला. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असते, आणि आमची जागा पंधरवड्याला बदलते. निघण्याच्या सकाळी मांजर परतले नाही म्हणून अडकून पडलेल्या बोटी आम्ही पाहिल्या आहेत. शिवाय बोटीच्या गुळगुळीत पोलादी कडेवर नख रुतत नाही. म्हणून मांजरे पाळणारे लोक कडेवरून पाण्यापर्यंत जुन्या गालिच्याची पट्टी किंवा दोरखंड सोडून ठेवतात, म्हणजे पडलेल्या मांजराला धरून वर येता येते. ती पट्टी पाहिल्यावर आमचा उत्साह संपला.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र मन सहज मागे येत नव्हते, म्हणून आम्ही एक पूर्ण दिवस मनातल्या कुत्र्याबरोबर काढून पाहिला. सकाळी आत-बाहेर करायला चार उभ्या पायऱ्यांची शिडी. तरुण कुत्रा ती चढेल, पण दहाव्या वर्षी त्याच्या मागच्या पायांनी नकार दिला की पंचवीस किलोचे ओझे दिवसातून सहा वेळा कोण उचलणार? आतली रुंदी सहा फुटांच्या आसपास आणि चालायची वाट एकच, म्हणजे कुत्रा जिथे पसरेल तिथे घर बंद. खरी कसोटी लॉकवर. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी कुंडी. बोट आत घेऊन पाणी सोडले की ती सात-आठ फूट खाली उतरते. या वेळी एकाने सुकाणू धरायचे असते आणि दुसऱ्याने काठावर दरवाजे व झडपा सांभाळायच्या असतात, म्हणजे तिसऱ्याकडे पाहायला कोणाचे डोळे उरत नाहीत. खाली गेलेल्या बोटीवर धन्याला पाहून कुत्र्याने वरून उडी मारली, किंवा बोट आणि ओली भिंत यांच्यामधल्या वीतभर पाण्यात तो पडला, तर त्याला पोहता येते याचा काही उपयोग नसतो. इथल्या कुत्र्यांच्या तरंगत्या जाकिटांना पाठीवर मूठ शिवलेली असते. ती मूठ शोभेची नाही.

त्याखेरीज पाणीही स्वच्छ नाही. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस द्यावीच लागते, आणि उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर नीलहरित शैवाल आले की ते पाणी प्यालेला कुत्रा दगावू शकतो. उन्हाळा म्हटल्यावर नागपूरच्या लोकांना हसू येईल. ४७ अंश पाहिलेल्या माणसाने इथल्या तीस अंशांचे कौतुक सांगू नये, हे मला मान्य आहे. पण बंद पोलादी पेटीत ते तीस अंशही तापतात, आणि आम्ही दोघे कचेरीत असताना त्या पेटीत कुत्रा असणार. आमची गाडी इथे येऊन थांबली. पाणी, लॉक, शिडी यांवर उपाय आहेत आणि शेकडो बोटवाले ते करतात, पण त्यांतले बहुतेक निवृत्त आहेत किंवा बोटीतूनच काम करतात. आमच्याकडे कुत्र्याला देण्यासारखे सगळे होते, फक्त दिवस नव्हता.

बाबांनी मध्येच "मग शेरूलाच ने" असेही सुचवले. भारतातून कुत्रा इथे आणायचा तर मायक्रोचिप, रेबीजची लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना आणि नमुन्यानंतर तीन महिने थांबणे असा क्रम आहे. मला तो जाचक वाटत नाही, कारण हा देश १९२२ मध्ये रेबीजमुक्त झाला आणि ती स्थिती त्याने अशाच चिकाटीने टिकवली. पण गल्लीभर हिंडणाऱ्या, तीन घरी जेवणाऱ्या शेरूला सात फुटांत कोंडणे ही भूतदया म्हणावी का, असे मी विचारले, तेव्हा बाबाच गप्प झाले.

आता मावसभावाच्या साक्षीबद्दल. इथे रस्त्यावर कुत्री दिसत नाहीत, हे खरे आहे. पण तो जे ऐकू इच्छितो ते पूर्ण सत्य नाही. इथे मोकाट सापडलेला कुत्रा नगरपालिका ताब्यात घेते, सात दिवस धन्याची वाट पाहते, आणि त्यानंतर त्याला नवे घर देता येते, एखाद्या संस्थेकडे सोपवता येते किंवा कायद्यानेच मारताही येते. लंडनचा निवारा, जो आता बॅटरसीत आहे, १८६० पासून चालू आहे, म्हणजे ही स्वच्छ पायवाट दीडशेहून अधिक वर्षांच्या निवाऱ्यांवर, नोंदणीवर, सक्तीच्या मायक्रोचिपवर आणि काही प्रमाणात मारण्याच्या सुईवर उभी आहे. यातले पहिले तीन भाग गाळून केवळ "उचला" एवढेच नागपुरात आयात करायचे असेल तर त्यासाठी माझे नाव वापरू नये.

उलट बाजूने, खाऊ घालणे हा हक्क आहे एवढे म्हणून थांबणाऱ्यांचेही मला पटत नाही. पोळी टाकून आपण आत गेल्यावर रात्री अकराला त्या गल्लीतून जाणाऱ्याच्या मनगटाची किंमत आपण भरत नाही. मात्र "घरी न्या" हे वाक्य मला आता सर्वांत आळशी वाटते, कारण त्यात घर म्हणजे आपोआप जबाबदारी असे गृहीत धरलेले आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कुलूप असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट हा आमच्या बोटीपेक्षा फार वेगळा नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा मावशीच्या शेजारचा साखळीला बांधलेला कुत्रा कोणीतरी छातीभर पाण्यातून जाऊन सोडवला. रस्त्यावरची कुत्री तोवर समोरच्या जिन्यावर चढून बसली होती.

बाबांनी शेरूला घरी नेले नाही. त्यांनी समोरच्या मुलाच्या आईला बरोबर घेऊन तिन्ही कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करवून घेतले, आणि पोळीची जागा फाटकावरून हलवून गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटजवळ नेली. रात्रीच्या वेळी पाठलाग पूर्ण थांबला असे नाही, कमी झाला. तिघांच्याही कानांना आता नसबंदीची खूण असलेली खाच आहे, आणि ती बाई बाबांना अजूनही टोमणे मारते, पण ते वाक्य म्हणत नाही.

आम्ही कुत्रा घेतलेला नाही. आमच्यापैकी एकाची कचेरी सुटेपर्यंत किंवा बोटीला कायमची जागा मिळेपर्यंत घेणारही नाही, असे ठरले आहे. नवऱ्याने हे मान्य केले, पण मनापासून नव्हे. सध्या शेजारच्या बोटीतल्या एकट्या आजींची म्हातारी कुत्री एक आड एक शनिवारी आमच्याकडे असते. आजी बोट हलवतात तेव्हा ती बोटीवर बसत नाही. नवऱ्याबरोबर काठाकाठाने पुढच्या लॉकपर्यंत चालत जाते आणि दरवाजे उघडेपर्यंत काठापासून दोन हात लांब गवतात बसून राहते.