बोडका मजकूर

स्मरणिकेच्या आभारांत माझं नाव 'टायपिंग साहाय्य' म्हणून छापलंय, तेही मांडववाल्याच्या खाली. टायपिंग मी एका अक्षराचंही केलेलं नाही. इंदूरच्या आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका वर्डमधून मार्कडाऊनमध्ये, म्हणजे कुठेही उघडेल अशा साध्या मजकुरात, आणायच्या होत्या. "बटण दाबायचं, एवढंच," असं म्हणत संपादक काका खुर्ची ओढून शेजारी बसले आणि उठलेच नाहीत.

पोह्यांवर जीरावण भुरभुरावं तसं काकांनी सगळ्या अंकांवर बोल्ड भुरभुरलंय. ठळक केलं की झालं शीर्षक! हे रूपांतर करणारा पॅनडॉक नावाचा प्रोग्रॅम मात्र रूपाला भुलत नाही. ओळीला 'हेडिंग 1', 'हेडिंग 2' अशी स्टाइल लावलेली असेल तरच तो तिच्यापुढे #, म्हणजे मार्कडाऊनमधली शीर्षकाची खूण, घालतो. 24 पॉइंटातलं, लालभडक, मधोमध बसवलेलं 'अध्यक्षीय मनोगत' त्याच्या लेखी साधा परिच्छेद. फार तर दोन्ही बाजूंना ठळकची खूण म्हणून दोन-दोन चांदण्या (**). म्हणून आधी वर्डमध्येच तशी एक ओळ निवडायची, 'सिलेक्ट'मधून सारख्या फॉरमॅटिंगचा सगळा मजकूर एकदम पकडायचा आणि हेडिंग लावायचं. मग रूपांतर.

"लाल कुठे गेला?" काका.

"मार्कडाऊनमध्ये रंग नसतो."

"आणि मधोमध?"

"तेही नसतं."

"अरे भिया, मुंज लावल्यासारखं बोडकं केलंस सगळं! काढलं कोणी हे?"

मार्कडाऊन 2004 साली जॉन ग्रुबरने आणलं आणि पॅनडॉक 2006 मध्ये जॉन मॅकफार्लेनने, असं मी सांगितलं. मॅकफार्लेन तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे, हे उगाच सांगितलं. काकांनी चष्मा काढून पुसला.

"तरीच! विरक्त माणूस. स्वतः रंग सोडले, आता आमचे सोडवतोय. अकाउंट्सचा प्राध्यापक नव्हता का कोणी?"

वैराग्य परवडलं, पण कृतिदेव हा जुना देवनागरी फॉन्ट नको. त्या फॉन्टात 'भारत' दिसतं, आत मात्र एच-के-के-जे-आर ही रोमन अक्षरं बसलेली असतात. साध्या मजकुरात फॉन्ट उरत नाही, म्हणजे पडदा वर आणि रोमन अक्षरं उघडी. त्यात मधूनमधून खरं इंग्रजी असेल तर कुठलं कोणतं हे नंतर ओळखता येत नाही. वर्डमध्ये निदान फॉन्टच्या नावावरून कळतं. म्हणून आधी युनिकोड, म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरं, मार्कडाऊन नंतर. फाइल जुनी डॉक (.doc) असेल तर पॅनडॉक ती वाचतच नाही. लिब्रेऑफिसमधून डॉकएक्स (.docx) करून घ्यावी लागते. हे सगळं त्या 'एवढंच'मध्ये आलं.

शिवाय हाताने टाइप केलेले १., २. म्हणजे यादी नव्हे; मार्कडाऊनच्या यादीला 0 ते 9 हेच आकडे चालतात. ठळक 'अध्यक्ष:'ला चिकटून 'श्री' आलं तर चांदण्या तशाच कागदावर राहतात, कारण मिटणाऱ्या, म्हणजे शेवटच्या, चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह आणि पुढे लगेच अक्षर असलं की त्या मिटत नाहीत. अपूर्णविराम (:) चांदण्यांबाहेर काढा, नाहीतर एक जागा सोडा. काकांनी जागा सोडायची तिथे कधीच सोडलेली नाही आणि नको तिथे स्पेसबार दाबून ओळी मधोमध आणल्यात. 'मधोमध'चं बटण वरच असतं हो! पण सांगणार कोण, आणि 'टायपिंग साहाय्य'चं ऐकणार कोण?

देणगीदारांच्या तक्त्यात पाच भावांच्या नावांशेजारी एकच उभा लांब रकाना: 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ'. मार्कडाऊनच्या साध्या, उभ्या रेघांच्या तक्त्यात रकाने जोडता येत नाहीत, पॅनडॉक अशा वेळी कधीकधी सरळ एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानाच्या कोडचा, तक्ता ओततो. तो नको म्हणून वर्डमध्ये रकाना फोडला आणि तोच मजकूर पाचही ओळींत भरला.

काकांनी बोट ठेवून मोजलं.

"पाचदा कै. कशाला? एकदाच गेले ना ते!"