गाडी किती चालते, हे कोणी विचारलेच नाही

नाशिकमध्ये गच्चीवर सोलर बसवून देणाऱ्या तीन कंत्राटदारांशी मी बोललो आणि त्यांपैकी एकानेही ‘गाडी रोज किती किलोमीटर चालते’ हा साधा प्रश्न विचारला नाही, याचा मला आजही संताप येतो. इलेक्ट्रिक गाडी बुक केली आहे आणि ती घरीच चार्ज करायची आहे, हे मी प्रत्येकाला आधीच सांगितले होते. तरीही पहिल्याने मागच्या वर्षाची, म्हणजे गाडी दारात नसतानाची, वीजबिले चाळली आणि “साहेब, डोळे झाकून तीन किलोवॅट घ्या, ७८ हजार सबसिडी मिळते” असे म्हणून कोटेशन हातात ठेवले. घराच्या गच्चीवरील सोलरसाठी अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये मिळतात, त्यापुढे अनुदान वाढत नाही, हे खरे. पण अनुदान जिथे थांबते तिथे माझी गरजही थांबते, हे याने कशावरून ठरवले?

दुसऱ्याने चार्जर ७.२ किलोवॅटचा आहे म्हणून आठ किलोवॅटची पॅनेल लागतील, असे छातीठोकपणे सांगितले. चार्जर किती जोराने वीज ओढतो आणि महिन्याला एकूण किती युनिट लागतात, यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने कोणाच्या गच्चीवर आठशे चौरस फूट जागा मागू नये. तिसरा, गाडी रात्री चार्ज होणार म्हणून, महागडी बॅटरी गळ्यात मारायला निघाला होता. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, असताना दिवसा वीज कंपनीच्या ग्रिडला दिलेली युनिटे बिलात वळती होतात, हे त्याने सांगितलेच नाही.

हिशेब अखेर मीच मांडला, पण पहिल्यावर विश्वास ठेवून तीन किलोवॅट बसवून घेतल्यानंतर. इंदिरानगरहून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,५०० किलोमीटर. मोहदरी घाट धरून माझी गाडी एका युनिटला सात किलोमीटर जाते आणि चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते, तेव्हा मीटरवर सुमारे २५० युनिट पडतात. घराचा वापर २१०. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट, महिन्याला १२० देतो. ४६० युनिटांना किमान चार किलोवॅट हवेत. पॅनेलवर बसणारी धूळ आणि शेजारच्या टाकीची सावली धरली तर थोडे जास्तच.

खरा फटका पावसाळ्यात बसला. एप्रिल-मेच्या कडक उन्हात शिल्लक पडणारी युनिटे पुढच्या महिन्यांत वापरता येतात, पण माझ्याकडे उन्हाळ्यातही काही उरत नव्हते, सगळे गाडीतच जात होते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले आणि शंभर युनिटांपुढच्या महाग टप्प्यातली वीज विकत घ्यावी लागली.

आता पॅनेल वाढवायची म्हटली, तर त्याच पहिल्या कंत्राटदाराचे म्हणणे असे, की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या या इन्व्हर्टरवर एवढी वाढ पेलणार नाही, तो बदला आणि वाढीव क्षमतेसाठी पुन्हा अर्ज करा. नव्या कोटेशनवर त्याने पाच किलोवॅट लिहिले आहे. हे पाच कुठून आले, असे मी विचारले, तर उत्तर मिळाले, “साहेब, गाडीवाले सगळे पाचच घेतात.”